अभ्यासाला बसायची जागा

पुण्यात अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षेचा नवखा उमेदवार हातातल्या पिशवीवरून ओळखू येतो. जुना उमेदवार दुकानात येतो, एखादं पुस्तक उभ्याउभ्या चाळतो, ‘नव्या आवृत्तीत काय वाढवलंय?’ एवढं विचारतो आणि बहुतेक वेळा काही न घेता निघून जातो. नवखा यादी घेऊन आलेला असतो. गावाकडच्या कुणा दादाने ती व्हॉट्सॲपवर पाठवलेली असते. लक्ष्मीकांतांचं राज्यव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक, ग्रोव्हर-बेल्हेकरांचा आधुनिक भारताचा इतिहास, सवदींचा भूगोल, कोळंबेंचं अर्थशास्त्र, मो. रा. वाळंब्यांचं व्याकरण, तात्यांचा ठोकळा, शिवाय चालू घडामोडींची दोन-तीन मासिकं. पिशवीचे बंद बोटांत रुततात, पण चेहऱ्यावर समाधान असतं. काहीतरी सुरू झालं, असं वाटण्याचा तो दिवस.

या पिशवीत काय नसतं, ते आधी सांगतो. तिच्यात अभ्यासक्रमाची छापील प्रत नसते आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका नसतात. दोन्ही गोष्टी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) संकेतस्थळावर फुकट मिळतात, प्रश्नपत्रिकांबरोबर अंतिम उत्तरतालिकाही मिळतात. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत. राज्याची आर्थिक पाहणी दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी सरकारच प्रसिद्ध करतं. म्हणजे राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला जे लागतं, त्यातलं निम्म्याहून जास्त एका साध्या मोबाइलवर मावतं. तरीही दर वर्षी जून-जुलैत मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून मुलं-मुली पुण्यात येतात आणि घरच्यांनी सोयाबीनच्या किंवा कापसाच्या पैशातून बाजूला काढलेली रक्कम पहिल्या महिन्यातच डिपॉझिट, क्लासची फी आणि पुस्तकं यांत संपवतात. अभ्यासाचं साहित्य फुकट असताना हे पैसे नेमके कशाचे जातात, हा या लेखाचा विषय आहे.

पण आधी परीक्षेबद्दल. ती नेमकी काय मागते हे कळल्याशिवाय पुढचा हिशेब लागणार नाही.

पंचायत राज हा विषय घ्या. प्रत्येक क्लासमध्ये तो शिकवला जातो आणि प्रत्येक नवख्याला तो ‘झालेला’ असतो. बलवंतराय मेहता समिती १९५७, त्रिस्तरीय रचना. वसंतराव नाईक समिती, महाराष्ट्राचा १९६१ चा जिल्हा परिषद कायदा, १ मे १९६२ पासून अंमल. ७३ वी घटनादुरुस्ती १९९२, अंमल २४ एप्रिल १९९३. हे सगळं वहीत लाल-निळ्या पेनांनी लिहिलेलं असतं. प्रश्न मात्र एवढ्यावर थांबत नाही. मेहता समितीने भर दिला होता पंचायत समितीवर, नाईक समितीने जिल्हा परिषदेवर. मेहता समितीला जिल्हाधिकारी जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदी हवा होता, नाईक समितीने त्याला जिल्हा परिषदेबाहेर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची जागा पुढे आणली. प्रश्नकर्ता यातली दोन विधानं एकमेकांच्या अंगावर घालतो, तिसरं जरा वाकवतो आणि खाली विचारतो: ‘वरीलपैकी कोणते विधान/विधाने अयोग्य आहे/आहेत?’ सन पाठ असलेला मुलगा इथे अडतो. दोन समित्यांमधला फरक कशासाठी होता, हे एकदा तरी स्वतःशी मांडून पाहिलेला मुलगा सुटतो.

हे कळायला लक्ष्मीकांत तीनदा वाचावं लागत नाही. एका विषयावर गेल्या दहा वर्षांत आयोगाने विचारलेले प्रश्न एका कागदावर काढले की विषयाचं हाड दिसतं. पुण्यात ज्यांना पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात पद मिळालं, त्यांच्याशी बोललं की हीच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत ऐकू येते: आधी प्रश्न, मग पुस्तक. नवखा नेमका उलटा जातो. तो पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करतो, हडप्पा-मोहेंजोदडोत दोन महिने काढतो आणि गांधीयुगापर्यंत पोचेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. प्राचीन भारत पक्का आणि स्वातंत्र्यानंतरचा महाराष्ट्र कोरा, अशी कित्येकांची पहिली पूर्व परीक्षा होते.

दुसरी गोष्ट प्रश्न सोडून देण्याची. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न, २०० गुण आणि चुकीच्या उत्तरामागे प्रश्नाच्या एक चतुर्थांश गुण वजा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेतही १०० प्रश्न, २०० गुण, पण तिथे एक तृतीयांश कापले जातात. फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब करून पाहा. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं, तर केंद्राच्या परीक्षेत सरासरीने हाती शून्य येतं. राज्याच्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नामागे गुणाचा आठवा भाग पदरात पडतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर दोन्हीकडे उरलेल्या दोनांतला एक निवडणं सरळ फायद्याचं. नवखा दोन टोकांना असतो. एक तर भीतीने साठच प्रश्न सोडवतो, नाहीतर शेवटच्या दहा मिनिटांत दिसेल तो गोल काळा करतो. या दोन्हींच्या मधली नजर सराव परीक्षांतूनच येते. ती विकत मिळत नाही, मात्र टेस्ट सिरीजची फी भरावी लागते.

दुसरा पेपर, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, तो आता दोन्हीकडे पात्रतेपुरता आहे: ३३ टक्के मिळाले की झालं. केंद्राने हे २०१५ मध्ये केलं, राज्याने नंतर. ‘पात्रतेपुरता’ हे ऐकून कला शाखेची मुलं त्याच्याकडे वळून बघत नाहीत, आणि पहिल्या पेपरात चांगले गुण असूनही काही जण इथेच घरी जातात. गणिताची भीती असणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवून बघावा. घाबरायचं की नाही हे दोन तासांत कळतं.

* * *

आता पैशाकडे वळू.

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड, पेरुगेट या पट्ट्यात जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत खोल्या भाड्याने मिळत नाहीत, कॉट मिळते. ‘कॉट बेसिस’ची पाटी जिन्यात लावलेली असते. एका खोलीत चार, पाच, कधी सहा कॉट, भिंतीवर भारताचा आणि महाराष्ट्राचा नकाशा, खिडकीच्या गजांना वाळत घातलेले कपडे. जेवायला मेस, बसायला अभ्यासिका. या तिन्हींचे दर गल्लीगणिक बदलतात, पण क्लासची फी सोडून दरमहा आठ-दहा हजारांच्या खाली कुणाचं भागत नाही, हे इथला कुणीही सांगेल. चहाच्या टपरीवर पन्नास जण उभे असतात आणि त्यातल्या चाळिसांच्या हातात वर्तमानपत्राचं संपादकीय पान किंवा मोबाइलवरची प्रश्नमंजूषा असते.

या सगळ्यात अभ्यासिका हीच खरी गोष्ट आहे. फूटभर रुंदीचं टेबल, दोन्ही बाजूंना प्लायवूडचा आडोसा, डोक्यावर ट्यूब, पायाशी चार्जिंगचा पॉइंट. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडी. टेबल ठरलेलं असतं, त्यावर आपल्या हाताने लिहिलेलं वेळापत्रक चिकटवायची मुभा असते. वर्ग चालत नाही, कुणी शिकवत नाही. या फूटभर जागेसाठी मुलं पैसे मोजतात आणि मोजून झाल्यावर तक्रार करत नाहीत.

का? गावात घरं मोठी आहेत. ओसरी आहे, वरचा माळा आहे, शाळेची रिकामी खोली आहे. पण पदवी झालेला तेवीस वर्षांचा मुलगा दिवसभर पुस्तक घेऊन बसला, की त्याला घरात जागा राहत नाही. बापाला पाणी द्यायला जायचं असतं, चुलत्याला तालुक्याला सोडायचं असतं, रेशनच्या रांगेत कुणीतरी उभं राहायचं असतं, आणि रिकामा तोच दिसतो. त्यात दर सणाला येणारा पाहुणा विचारणार, ‘काय झालं रे त्या परीक्षेचं?’ मुलींचं तर आणखी अवघड. घरी बसलेली मुलगी म्हणजे स्थळं बघायला मोकळी. तीच मुलगी ‘पुण्याला एमपीएससीची तयारी करते’ म्हटली, की बघण्याचा कार्यक्रम सहा महिने पुढे जातो. कितीतरी मुलींनी हे हसत हसत सांगितलंय, आणि सांगताना त्या गंमत करत नव्हत्या. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, ही आकडेवारी घरी सांगता येते आणि बापाला ती पटते. एरवी ज्या बापाला लेक शिकायला बाहेर ठेवणं पटलं नसतं, तोही ‘क्लास वन’ म्हटल्यावर दोन वर्षांची मुदत देतो.

म्हणून माझं म्हणणं असं: पेठेत विकलं जातं ते ज्ञान फारसं नाही. तिथे विकली जाते अभ्यासाला बसण्याची परवानगी. पुण्यात राहणारा मुलगा रिकामा नसतो, ‘तयारी करत’ असतो. त्याच्या आजूबाजूचे हजारो जण तेच करत असल्यामुळे त्याला कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. क्लासवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या जाहिरातींत अभ्यासक्रम कमी आणि वातावरण जास्त असतं.

परीक्षेला कुठे जाऊन बसायचं, हा वाद मुळात या परीक्षेइतकाच जुना आहे. सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून लंडनमध्ये सुरू झाली. कागदावर ती हिंदी माणसाला खुली होती, पण बोटीचं भाडं, समुद्र ओलांडल्याबद्दलचा बहिष्कार आणि तिथला मुक्काम परवडेल त्यालाच. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले, ते पहिले हिंदी. पुढच्या दशकात सरकारने कमाल वय २१ वरून १९ वर आणलं, तेव्हा सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी देशभर सभा घेतल्या. एकोणिसाव्या वर्षी परक्या देशात, परक्या भाषेत ही परीक्षा द्यायची म्हणजे दार उघडं ठेवून उंबरा छातीएवढा करण्यासारखं होतं. दादाभाई नौरोजी वर्षानुवर्षं एकच मागणी करत राहिले: हीच परीक्षा एकाच वेळी हिंदुस्थानातही घ्या. १८९३ मध्ये ब्रिटिश कॉमन्स सभेने तसा ठराव संमतही केला, आणि सरकारने तो बाजूला ठेवला. रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये या परीक्षेत पहिले आले, तेही लंडनला जाऊनच. हिंदुस्थानात परीक्षा सुरू झाली १९२२ मध्ये, अलाहाबादला.

आज राज्यसेवेची पूर्व परीक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी होते. हिंगोलीचा मुलगा हिंगोलीत बसून ती देऊ शकतो. दादाभाईंनी मागितलं त्याहून जास्त मिळालं. पण तयारीची जागा मात्र पुन्हा दूर गेली: राज्यसेवेला पुणे, केंद्राच्या परीक्षेला दिल्लीचं ओल्ड राजिंदर नगर आणि मुखर्जी नगर. जुलै २०२४ मध्ये त्याच राजिंदर नगरात एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी घुसून तीन विद्यार्थी मेले. दिल्लीतल्या तळघरांत महाराष्ट्रातली मुलंही बसतात. जागा मिळणं एवढं महाग असतं की ती जमिनीखाली आहे का, बाहेर पडायचा जिना कुठे आहे, हे पाहिलं जात नाही.

* * *

आकडे एकदा नीट बघून घ्यावेत, कारण नवख्याला ते कुणी सांगत नाही आणि जुन्याला ते ऐकायचे नसतात.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १० लाख १६ हजार ८५० अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्व परीक्षा दिली ५ लाख ९२ हजार १४१ जणांनी. म्हणजे सव्वाचार लाख लोक परीक्षेला आलेच नाहीत. अर्ज भरला तेव्हा तयारीचा बेत होता, तारीख आली तेव्हा नव्हता. पूर्वमधून मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४ हजार ६२४, मुलाखतीला २ हजार ८५५ आणि शेवटच्या यादीत १ हजार १६.

या उतरंडीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पहिली पायरी. बसलेल्यांपैकी शंभरातले अडीचही पुढे जात नाहीत. तिथून पुढे मुख्य परीक्षेत पाचात एक, मुलाखतीत जवळपास तिघांत एक. आणि तरी क्लासची सगळी भाषा मुख्य परीक्षेची आणि मुलाखतीची असते. मॉक मुलाखतीचे फोटो, कोट-टाय, समोर निवृत्त अधिकारी. नवख्याला पहिल्या महिन्यात मुलाखतीत हात कुठे ठेवायचे ते माहीत होतं, आणि ज्या पायरीवर शंभरातले सत्त्याण्णव थांबतात तिचा अभ्यास ‘होईल हो’वर सोडलेला असतो.

राज्यात पदं कमी निघतात तेव्हा हीच गर्दी खालच्या परीक्षांत उतरते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. त्यात अभियंते होते, एम.एस्सी. झालेले होते, राज्यसेवेची मुख्य परीक्षा दिलेले होते. सहायक कक्ष अधिकारी, राज्य कर निरीक्षक, पोलीस उपनिरीक्षक या गट ब च्या संयुक्त परीक्षेतही तेच. जो एक पद मिळवतो तो तिथे थांबत नाही, नोकरी करत वरच्या पदासाठी पुन्हा बसतो. नवख्याची स्पर्धा शेजारच्या कॉटवरच्या मुलाशी असते तशी मंत्रालयात आधीच नोकरीला लागलेल्या आणि रजा टाकून आलेल्या माणसाशीही असते. एकच जण तीन याद्यांत आणि दोन जागा अडलेल्या, असं होऊ लागल्यावर आयोगाने ‘ऑप्टिंग आउट’ची सोय आणली: नको असलेल्या पदावरचा दावा उमेदवाराने आधीच सोडायचा. ही सोय चांगली आहे. मात्र तिच्यावरून भांडणं, पैशाच्या देवाणघेवाणीच्या कुजबुजी, हेही पेठेत ऐकायला मिळतं.

* * *

आणि आता पद्धत बदलली आहे. हा भाग नवख्याने सगळ्यात लक्ष देऊन वाचावा, कारण जुन्यांचा सल्ला इथे अपुरा पडतो.

२०१२ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा बव्हंशी पर्यायांची होती. भाषेचा एक पेपर लिहायचा, बाकीच्या पेपरांत गोल काळे करायचे. जून २०२२ मध्ये आयोगाने जाहीर केलं की मुख्य परीक्षा केंद्राच्या धर्तीवर वर्णनात्मक होणार, तीही २०२३ पासून. पुण्यात मुलं रस्त्यावर आली. वर्षानुवर्षं एका पद्धतीची तयारी केलेल्यांना वेळ हवा होता. बदल लगेच लागू करा म्हणणारेही होते, त्यांचा आवाज कमी होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्णय झाला: नवी पद्धत २०२५ पासून. आता नऊ पेपर आहेत. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुणांचे, त्यात २५ टक्के मिळवून पात्र ठरायचं. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५०. एकूण १७५०, त्यावर मुलाखतीचे २७५.

याचा अर्थ असा की मराठी मुलाला आता मराठीत लिहावं लागणार. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. बारा वर्षं शाळेत, तीन-चार वर्षं महाविद्यालयात आणि त्यावर तीन वर्षं अभ्यासिकेत काढूनही कित्येक मुलांनी सलग दीडशे शब्द स्वतःचे म्हणून लिहिलेले नसतात. त्यांच्याकडे माहिती असते ती मुद्द्यांच्या रूपात, क्लासच्या नोट्समध्ये येते तशी. ‘महाराष्ट्रातील सिंचनाच्या प्रादेशिक असमतोलाची कारणे सांगून उपाययोजनांचे परीक्षण करा’ असा प्रश्न आला, की दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल आठवतो, केळकर समिती आठवते, पण एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात कसं जायचं ते जमत नाही. ‘कारणे सांगून परीक्षण करा’ मधलं ‘परीक्षण’ तर उत्तरात येतच नाही, फक्त कारणं येतात. वर घड्याळ. पानं भरायची, हात दुखेपर्यंत.

मला हा बदल योग्य वाटतो. जो माणूस उद्या तहसीलदार म्हणून जमिनीच्या तंट्यावर निकाल लिहिणार आहे, गटविकास अधिकारी म्हणून प्रस्ताव मांडणार आहे, त्याला चार पर्यायांतून एक निवडता येतं एवढ्यावर नेमणं हेच विचित्र होतं. तक्रार आहे ती एवढीच की लिहायला शिकवणारी माणसं पेठेत फार थोडी आहेत, आणि ‘उत्तरलेखन बॅच’ या नावाखाली जे चालतं त्यात बरेचदा तपासणारा स्वतःच गेल्या वर्षी नापास झालेला असतो. इथे गावाकडच्या मुलाला एक संधी आहे आणि ती त्याला दिसत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात मराठीचे, राज्यशास्त्राचे, भूगोलाचे प्राध्यापक असतात. आठवड्याला चार उत्तरं घेऊन गेलं तर त्यातला एखादा तरी मनापासून तपासून देतो. पैसेही घेत नाही.

केंद्राच्या परीक्षेत मराठीचा मार्ग आणखी वेगळा. मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात, मुलाखत मराठीत देता येते, मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो. पण प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीतच असते. म्हणजे वाचायचं इंग्रजीत, विचार करायचा मराठीत, लिहायचं मराठीत, तेही तीन तासांत वीस प्रश्न. ज्यांनी हे केलंय त्यांचं म्हणणं असं की अडचण भाषेची कमी आणि साहित्याची जास्त आहे: जागतिक व्यापार किंवा जैवतंत्रज्ञान यांवर रोजच्या रोज मराठीत वाचायला मिळतंच कुठे? म्हणून नवख्याने माध्यम पहिल्या सहा महिन्यांत ठरवावं आणि मग बदलू नये. दर पूर्व परीक्षेनंतर माध्यम आणि वैकल्पिक विषय बदलणारे दरवर्षी शून्यापासून सुरू करतात.

* * *

तारखांचं काय सांगावं! एप्रिल २०२० मध्ये व्हायची राज्यसेवेची पूर्व परीक्षा करोनामुळे पुढे-पुढे जात राहिली. शेवटी १४ मार्च २०२१ ठरली आणि ११ मार्चला, तीन दिवस आधी, पुन्हा पुढे ढकलल्याचं पत्रक आलं. त्या दुपारी शास्त्री रोड मुलांनी भरून गेला. सरकार हललं, परीक्षा २१ मार्चला झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बँकेची आणि राज्यसेवेची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हा पुन्हा आंदोलन. ती परीक्षा डिसेंबरात झाली. २०२५ मध्ये पूर आला आणि २८ सप्टेंबरची परीक्षा ९ नोव्हेंबरवर गेली. त्याआधी २०१९ ची राज्यसेवा उत्तीर्ण झालेले शेकडो जण मराठा आरक्षणाच्या खटल्यामुळे निकालानंतरही नियुक्तीची वाट पाहत बसले होते. यादीत नाव, पेपरात फोटो, गावात मिरवणूक, आणि महिन्यामागून महिने पगार नाही.

तारीख पुढे गेली की घरून आणखी एक महिन्याचे पैसे मागवावे लागतात. कॉट सुटत नाही, मेस सुटत नाही. परीक्षेचं वेळापत्रक हलतं तेव्हा खरा धक्का अभ्यासाला बसत नाही, घराच्या हिशेबाला बसतो.

आणि थांबायचं कधी, हे नियम सांगत नाहीत. राज्याच्या परीक्षांना खुल्या वर्गासाठी ३८ आणि मागास वर्गांसाठी ४३ ही वयोमर्यादा आहे. डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने संधींवर मर्यादा घातली होती, पुढे ती मागे घेतली. केंद्राने खुल्या वर्गाला ३२ वर्षं आणि सहा संधी ठेवल्या आहेत, इतर मागासवर्गाला ३५ आणि नऊ. आंदोलनांत वय वाढवून द्या ही मागणी असतेच, आणि एकेका उमेदवाराच्या बाजूने पाहिलं तर ती रास्त असते. करोनाची दोन वर्षं त्यांची चूक नव्हती. पण एकूण बघता मला वाटतं, सुरेंद्रनाथांच्या काळात १९ वर्षांची मर्यादा जेवढी जाचक होती, तेवढीच ३८ ची मर्यादा दुसऱ्या बाजूने जाचक आहे. ती कुणालाच ‘आता पुरे’ म्हणत नाही. शेवटी ते बापाला म्हणावं लागतं, किंवा बहिणीच्या लग्नाला, किंवा पाठीच्या मणक्याला.

अप्पा बळवंत चौकात ‘मन में है विश्वास’ आहे, ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू!’ आहे, सिनेमावाल्यांनी ‘ट्वेल्थ फेल’ दिला. गरिबीतून वर आलेल्या अधिकाऱ्यांची ही आत्मकथनं खरी आहेत आणि वाचावीतच. मात्र सहाव्या वर्षी पेठ सोडून गेलेल्या मुलाचं पुस्तक कुठे नाही, त्यामुळे त्याने नेमकं काय केलं ते नवख्याला कळायला मार्ग नाही. पुष्कळ जण चांगलं करतात. कुणी जिल्ह्याच्या गावी स्वतः क्लास घेतो, कुणी कृषी सेवा केंद्र टाकतो, कुणी बँकेत, पतसंस्थेत, पोलीस भरतीत जातो. सातबारा, फेरफार, माहितीचा अधिकार हे सगळं पाठ असलेला माणूस गावात परतला की ग्रामपंचायतीला घाम फुटतो, असंही ऐकतो.

तर मग नवख्याने पुण्यात यावंच का? मी म्हणेन, लगेच नाही. पहिले सहा महिने जिल्ह्याच्या ठिकाणी काढावेत. बहुतेक जिल्हा ग्रंथालयांत आणि आता कितीतरी नगरपालिकांत अभ्यासिका आहेत. पाठ्यपुस्तकं पाचवीपासून बारावीपर्यंत एकदा, जुने पूर्वचे पेपर विषयवार, एक वर्तमानपत्र आणि रोज एक उत्तर हाताने लिहिलेलं. मग प्रवेश परीक्षा द्याव्यात. मुंबईला १९७६ पासून चालणारी राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आहे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती इथे शासनाची पूर्व प्रशिक्षण केंद्रं आहेत, पुण्यात यशदा आहे, ज्ञानप्रबोधिनी आहे. बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य शासनाच्या संस्था आपापल्या सामाजिक गटातल्या मुलांना प्रवेश परीक्षेतून निवडून फुकट प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. या प्रवेश परीक्षांचा अभ्यासक्रम साधारण पूर्व परीक्षेचाच असतो, म्हणजे एकाच अभ्यासात दोन कामं होतात, आणि आपण कितपत पाण्यात आहोत हे पैसे भरण्याआधी कळतं. या संस्थांचं विद्यावेतन वेळेवर मिळत नाही अशी ओरड अधूनमधून होते, तेवढी गृहीत धरून घरी हिशेब सांगावा.

घरी सांगायचा दुसरा हिशेब तारखेचा. किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत, आणि त्यानंतर काय, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून आई-बापाच्या हातात द्यावं. मुलींनी तर नक्कीच द्यावं; दोन वर्षं म्हणून मागितलेली मुदत तीनदा वाढवून मिळवलेल्या मुली पेठेत आहेत, आणि ज्यांनी पहिल्यांदाच चार मागितली त्यांना ती सोपी गेली, असं त्याच सांगतात.